इंदूरचा लंबक, लंडनचे उत्तर

घरातील मुलगा वा मुलगी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली, की पावसाळा सरण्याच्या सुमारास घरात एक नवी वस्तू येते. जाड पुठ्ठ्याची, एका बाजूस रेघांचे व दुसऱ्या बाजूस कोरे पान असलेली ती वही. महाराष्ट्रात तिला ‘जर्नल’ म्हणतात, आमच्या मध्यप्रदेशात ‘प्रॅक्टिकल फाइल’. आपण तिला प्रयोगवही म्हणू. आई तिला खाकी कव्हर घालून देते, वडील तिच्यावर सुवाच्य अक्षरात नाव लिहून देतात आणि मग ती वही कित्येक दिवस कपाटात पडून राहते. वह्या तपासण्याची तारीख लागली, की एका रात्री घरातील दिवा उशिरापर्यंत जळतो. टेबलावर दोन वह्या उघड्या असतात. एक आपली, कोरी. दुसरी गतवर्षीच्या कुणा विद्यार्थ्याची, भरलेली. पहाटेपर्यंत पहिलीही भरते. सकाळी आईवडील शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतात, ‘मूल रात्रभर अभ्यास करीत होते.’

तो अभ्यास नव्हे, नक्कल आहे. आणि त्या नकलेत काय हरवते, हे सांगण्यासाठी हा लेख. कुणी विचारील, मराठी शिकवणाऱ्या मुख्याध्यापकाचा विज्ञानाच्या प्रयोगशाळेशी संबंध काय? आमचे उत्तर असे की, ‘प्रयोग’ हा शब्द आम्हा व्याकरणवाल्यांच्याही मालकीचा आहे. शिवाय प्रयोगाचा अहवाल हे अखेर गद्यलेखनच होय. आणि ‘जे पाहिले ते लिहा’ ही त्याची अट इतकी कठीण आहे, की निबंध, पत्र वा कथा यांपैकी कोणत्याही लेखनाला ती इतक्या कडकपणे लागू होत नाही.

अहवालाचा सांगाडा सर्वांना परिचित आहे. हेतू, साहित्य, सिद्धान्त, कृती, निरीक्षणांचा तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष आणि दक्षता. विद्यार्थ्यांना वाटते, ही गुण मिळवण्यासाठी भरावयाची आठ घरे आहेत. वस्तुतः त्यांच्यामागे एकच विचार आहे. जो माणूस त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हता, ज्याने आपणास कधी पाहिलेही नाही, त्याला केवळ ही चार पाने वाचून तोच प्रयोग पुन्हा करता यावा, आणि आपले कुठे चुकले असल्यास ते शोधून काढता यावे. अहवाल हा परीक्षकासाठी नसतो. तो या अनोळखी वाचकासाठी असतो.

उदाहरणादाखल सर्वांत साधा प्रयोग घेऊ. दोऱ्याला धातूचा गोळा टांगून केलेला साधा लंबक. तो एका टोकाकडून निघून पुन्हा त्याच टोकाला आला, की एक आंदोलन झाले. लंबकाची लांबी आणि एका आंदोलनास लागणारा वेळ हे दोन आकडे हाती आले, की गुरुत्वत्वरण, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘जी’, गणिताने निघतो. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, हे सांगणारे ते माप. पुस्तकात त्याचे उत्तर छापलेले असते : ९.८१.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या गतसाली हीच वही घेऊन आमच्याकडे आली होती. तिला इंग्रजी वाक्ये तपासून हवी होती. तक्त्यात तिने वीस आंदोलनांचा वेळ तीनदा मोजून लिहिला होता : ४०.३, ४०.० आणि ४०.४ सेकंद. लंबकाची लांबी बरोबर एक मीटर. आकडेमोडीअंती उत्तर आले होते ९.७६. त्यावर तिने काट मारून ९.८१ लिहिले होते आणि आता ती वरचे तीनही आकडे बदलण्याच्या बेतात होती.

‘‘हे का खोडलंस?’’ आम्ही विचारले.

‘‘सर, उत्तर चुकलंय. पुस्तकात नऊ पॉइंट एक्क्याऐंशी आहे. सीनिअरच्या फाइलमध्येही तेच आहे.’’

‘‘घड्याळ कुणी धरलं होतं, तू की सीनिअरनं?’’

‘‘मीच.’’

‘‘मग तुझ्या घड्याळाचं उत्तर पुस्तकाला कसं ठाऊक असेल?’’

ती हसली, परंतु तिचे समाधान झाले नव्हते, आणि ते योग्यच होते. केवळ उपदेशाने शंका फिटत नसते. म्हणून आम्ही तिला आमच्या शाळेतील भौतिकशास्त्राच्या व्याख्यात्यांकडे नेले. त्यांनी जे समजावून दिले, ते आम्हालाही नवे होते. ते येथे देतो.

पहिली गोष्ट अशी, की ‘जी’ सर्वत्र सारखा नाही. विषुववृत्तावर तो सुमारे ९.७८ आहे आणि ध्रुवांपाशी सुमारे ९.८३. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, ही त्याची कारणे. लंडन व पॅरिस येथे तो ९.८१ भरतो. इंग्रजी पुस्तकांतून तो आकडा आपल्याकडे आला आणि आपल्या मुलांना तो देववाक्याप्रमाणे पाठ झाला. १९०१ साली आंतरराष्ट्रीय संमतीने ९.८०६६५ हे प्रमाण ठरवण्यात आले. परंतु तोही सोयीसाठी मान्य केलेला आकडा आहे. आमच्या इंदूरचे अक्षांश व उंची धरून हिशेब केला तर ‘जी’ येतो सुमारे ९.७९. ग्वाल्हेर आणि वडोदरा येथेही दोन दशांश स्थळांपर्यंत तोच. हैदराबाद, बेळगाव व पणजी येथे ९.७८. म्हणजे इंदुरात बसून वहीत ९.८१ ‘आणणारा’ विद्यार्थी आपल्या गावचा आकडा खोडून लंडनचा लिहीत असतो!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घड्याळाची कळ दाबणाऱ्या अंगठ्याला डोळ्याच्या मागोमाग धावताना थोडा वेळ लागतोच. सुरुवातीची व शेवटची दिरंगाई मिळून दोन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. चाळीस सेकंदांत दोन दशांश म्हणजे अर्धा टक्का. ‘जी’च्या सूत्रात काळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात तो फरक दुप्पट होतो, एक टक्का, म्हणजे सुमारे ०.१. तेव्हा त्या मुलीचे खरे उत्तर ‘९.७६’ एवढेच नसून ‘९.७६ ± ०.१०’ असे होते. याचा अर्थ, खरा आकडा ९.६६ आणि ९.८६ यांच्या दरम्यान कुठेतरी असावा, याहून अधिक मी सांगू शकत नाही. या कक्षेत इंदूरचा ९.७९ बसतो आणि लंडनचा ९.८१ देखील बसतो. तिच्या प्रयोगाला त्या दोहोंतील भेद दिसणे शक्यच नव्हते. वीस आंदोलनांत दोन्ही गावांचा फरक पडतो अवघा चार शतांश सेकंद. तो कोणत्या माणसाच्या अंगठ्याला कळणार?

तेव्हा तिचे उत्तर चुकले नव्हते. त्यापुढे ‘± ०.१०’ लिहावयाचे तेवढे राहिले होते. उलट सीनिअरच्या वहीत ‘९.८१०४’ असे चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर होते. जे मोजलेच गेले नाही, त्याचे दशांश स्थळ लिहिणे हे खोटी साक्ष देण्यासारखेच होय. आकडा जितका लांब, तितका तो खरा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. हाती असलेल्या साधनाला जेवढे दिसते तेवढीच स्थळे लिहावी, हा प्रयोगवहीचा विनय आहे.

हा विनय पाळल्याने काय साधते, याची साक्ष इतिहासच देतो, आणि तीही याच लंबकाच्या प्रयोगातून. १६७२ साली झां रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेतील विषुववृत्तानजीकच्या कायेन येथे आकाशाचे वेध घेण्यासाठी गेला होता. पॅरिसला बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडले म्हणून तो स्वस्थ बसला असता किंवा पॅरिसचा ठरलेला आकडाच त्याने वहीत लिहिला असता, तर त्याला दोष कुणी दिला असता? त्याने तसे केले नाही. लंबक किती आखूड केला असता वेळ जुळते, हे त्याने महिनोन्‌महिने पुन्हापुन्हा मोजले. तो फरक तीन मिलीमीटरांहूनही कमी भरला. त्याने तो जसाच्या तसा नोंदला. पुढे १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे प्रतिपादन करताना याच नोंदीचा आधार घेतला. पृथ्वीचा आकार एका ‘न जुळणाऱ्या’ आकड्यात दडलेला होता, आणि तो आकडा कुणी खोडला नाही म्हणून तो सापडला.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार मोजणारे अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकन यांचे उत्तर किंचित कमी आले होते. कारण हवेच्या चिकटपणाचा जो आकडा त्यांनी घेतला, तो बरोबर नव्हता. पुढे काय झाले, हे रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियातील पदवीदान प्रसंगीच्या भाषणात सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नंतरच्या संशोधकांची उत्तरे एकदम खऱ्या आकड्यावर न जाता थोडी थोडी वर सरकत गेली. मिलिकनपेक्षा फार मोठे उत्तर आले, की संशोधक स्वतःची चूक शोधत बसत. जवळचे आले, की फारसे शोधत नसत. खोटे कुणी लिहिले नव्हते. केवळ थोरांच्या उत्तराचा धाक होता. जो धाक अनुभवी संशोधकांना सुटला नाही, तो अठरा वर्षांच्या मुलांना असल्यास नवल ते काय? म्हणून त्या मुलांना रागे भरण्यापेक्षा तो धाक कमी कसा होईल, हे पाहणे बरे.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे वळू. प्रयोगाची पुस्तके विध्यर्थात लिहिलेली असतात : ‘दोरा आधारास घट्ट बांधावा. गोळा एका बाजूस किंचित ओढून सोडावा. पंखा बंद ठेवावा.’ मुले तीच वाक्ये वहीत उतरवतात. परंतु ‘बांधावा’ ही आज्ञा झाली. घडले काय, ते तिच्यातून कळत नाही. अहवाल भूतकाळात हवा : ‘दोरा बांधला. गोळा ओढून सोडला. पंखा बंद करता आला नाही, कारण शेजारच्या टेबलावरील विद्यार्थ्यांना उकडत होते.’ हे शेवटचे वाक्य वाचून कुणी हसेल. पण आमच्या मते त्या वहीतील तेच सर्वांत मौल्यवान वाक्य ठरावे. उत्तरात फरक का पडला असेल, याचा माग त्यातूनच लागेल. याउलट ‘त्रुटींची कारणे’ या मथळ्याखाली सर्व वह्यांत आढळणारे ‘मानवी चूक’ हे दोन शब्द काहीच सांगत नाहीत. कोणाची चूक? कळ दाबण्यातील, पट्टी वाचण्यातील, की गोळ्याची त्रिज्या लांबीत मिळवावयाची राहून गेली ती? दोरा ९८.९ सेंटिमीटर आणि गोळ्याची त्रिज्या १.१ सेंटिमीटर, असे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले, तर त्रिज्या मिळवली की नाही, हे वाचणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते. नुसते ‘१०० सेंटिमीटर’ लिहिले, तर ते कळण्याचा मार्ग बंद होतो.

इंग्रजीत अहवाल लिहिताना कर्ता लपवून वाक्य फिरवण्याची जुनी रीत आहे. मराठीला ती कसरत करावी लागत नाही. ‘त्याने गाठ बांधली’, ‘तिने दोरा बांधला’, या वाक्यांत बांधणारा पुरुष की स्त्री, याची क्रियापदाला पर्वा नाही. ते गाठीप्रमाणे आणि दोऱ्याप्रमाणे बदलते. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. कर्ता वाक्यात उपस्थित असतो, जबाबदारी त्याचीच असते. परंतु क्रियापद चालते ते समोरच्या वस्तूच्या कलाने. प्रयोगशाळेतील लेखणीनेही नेमके असेच चालावे. आपल्या इच्छेच्या मागे न जाता तिने वस्तूच्या मागे जावे.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घरांत नकलेला आणखी एक कारण असते, आणि ते फारसे कुणी बोलून दाखवत नाही. आपली मुले घरी मराठी बोलतात; शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू शिकतात; आणि महाविद्यालयात गेल्यावर अनेकांना पहिल्यांदाच इंग्रजीत चार पाने स्वतःची लिहावी लागतात. पाहिलेले त्यांच्या डोळ्यांना नीट दिसलेले असते. ते मांडण्याची भाषा हाती नसते. मग तयार वाक्ये जवळची वाटतात. पुढे वाक्यांच्या पाठोपाठ आकडेही उसने येतात. भाषेच्या भीतीतून सुरू झालेली गोष्ट शेवटी सत्याच्या सवयीवर येऊन आदळते. हल्ली तर बाजारात लिहिलेली फाइल विकत मिळते, आणि संगणकाला सांगितले की तो निर्दोष इंग्रजीत अहवाल लिहून देतो. त्याची वाक्ये आपल्या मुलांपेक्षा चांगली असतील. पण त्या दिवशी प्रयोगशाळेत तो नव्हता.

यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवरील रीत आम्हाला उपयोगी वाटते. व्यवहार झाला, की त्याच दिवशी तो रोजकीर्दीत जसा घडला तसा चढत असे. खतावणी मागाहून, निवांतपणे, सुवाच्य होत असे. रोजकीर्दीशिवाय लिहिलेल्या खतावणीला कुणी विचारीत नसे. प्रयोगाचेही तसेच आहे. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत एक साधी कच्ची वही बाळगावी. पेन्सिलीऐवजी शाईने लिहावे. आकडा डोळ्यांनी पाहिल्याबरोबर, एककासह, तेथल्या तेथे नोंदवावा. चुकला वाटल्यास रबराने पुसू नये. एक रेघ ओढावी, म्हणजे मूळ आकडाही वाचता येतो, आणि का खोडला ते बाजूला लिहावे. ही वही मराठीत असो, हिंदीत असो वा तीन भाषांची खिचडी असो; ज्या भाषेत मूल विचार करते, ती भाषा तेथे चालेल. त्यावरून मग महाविद्यालयाच्या भाषेत पक्का अहवाल लिहावा. इंग्रजी मोडके झाले तरी बिघडत नाही, ते चार महिन्यांत सुधारते.

अहवाल लांबलचक असावा, हाही एक गैरसमज आहे. त्यासाठी आपल्याच गावचे उदाहरण पुरे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म १९११ साली याच इंदुरात झाला. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी तो निर्णय मानला नाही. अखेर पहिले वर्ष परीक्षेवर राहण्याची अपमानास्पद अट घालून त्यांना घेण्यात आले. वर्षअखेर त्यांच्यासाठी बोलले ते त्यांचे प्रयोगशाळेतील काम. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्यावर त्यांनी काम केले. बटाट्यापासून आरंभ करून ते द्रव्य वनस्पतींच्या पेशींत असते, हे दाखवले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. ज्याला खरे काही सापडलेले असते, त्याला पाने भरावी लागत नाहीत.

परीक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. ‘उत्तर किती आले?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी ‘ते कसे आले?’ हे विचारावे. उपरोक्त मुलीने ९.७६ पुन्हा लिहून त्यापुढे कक्षा लिहिली, आणि खाली दोन ओळींत तिचे कारण दिले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला त्या ओळींविषयीच विचारले आणि तिला ते सांगता आले. कारण अंगठा तिचा स्वतःचा होता. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाची वही अधिक देखणी होती, उत्तरही पुस्तकातले होते; गोळ्याची त्रिज्या कोणत्या उपकरणाने मोजली, एवढे मात्र त्याला सांगता आले नाही. गुण कुणाला किती मिळाले, ते आम्ही विचारले नाही.

पालकांना विज्ञान आलेच पाहिजे असे नाही. मूल प्रयोगशाळेतून घरी आले, की ताटावर बसल्यावर एवढेच विचारावे, ‘आज काय दिसले?’ पुस्तकात काय आहे, हे विचारू नये. आणि एखाद्या रविवारी घरीच हा प्रयोग करून पाहावा. दाराच्या चौकटीच्या वरच्या बाजूस खिळा ठोकून त्याला बळकट दोऱ्याने एखादा जड, गोल गोळा टांगावा. खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी एक मीटर ठेवावी, आणि ती मिलीमीटरपर्यंत नीट मोजावी. पंखा बंद करावा. गोळा थोडासाच बाजूला ओढून सोडावा आणि मोबाइलवरील स्टॉपवॉच लावून वीसऐवजी दोनशे आंदोलने मोजावी. पावणेसात मिनिटे लागतील. ‘जी’ लंडनचा असता, तर वेळ सुमारे ४०१.२ सेकंद झाला असता. इंदूर, ग्वाल्हेर वा वडोदरा येथे तो सुमारे ४०१.६ भरावा. हा चार दशांश सेकंदांचा फरक मात्र सावध अंगठ्याला पकडता येतो.

कुणाला कदाचित तिसराच आकडा मिळेल. मिळाला तर तो आधी शाईने लिहून ठेवावा. कारण मागाहून शोधावे.